सीताफळांच्या गोदामात वाळलेला बॅटरीचा पडदा

बीड जिल्ह्यात लोक देवदर्शनाला जातात, धबधबे बघायला जातात. मी सिरसाळ्याला गेले ते बॅटरीत प्लास्टिकचा एक पडदा बसवायला. घरी कोणी फोटोसुद्धा मागितले नाहीत.

पुण्याहून एसटीने बीड, तिथून परळीची गाडी. बायकांना तिकीट अर्धं, खड्डे मात्र पूर्ण. तेलगावला गाडी थांबली तर गरम भजी जरूर खा. चहा साखरेचा पाक समजूनच प्या.

सिरसाळ्यात रफीकभाईंचं फळांचं गोदाम आहे. ऐन हंगामात लाइट जाते आणि थंड खोलीतली सीताफळं मऊ पडतात. म्हणून आमच्या प्रयोगशाळेने तिथे बॅटरी उभी केली. दोन टाक्यांतली रंगीत द्रावणं पंपाने फिरतात, मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा. त्याने काही आयन पलीकडे सोडायचे, काही अडवायचे. लग्नाचं वय मी या छिद्रांत घालवलं, असं आईचं मत आहे.

पडदा पाण्यात बुडवून, पिशवी सीलबंद करून आधीच पार्सलने पाठवला होता. फोनवर बजावलंही होतं, "अगदी फळासारखा जपा." रफीकभाईंनी बॅटरीच्या भरवशावर खोली गच्च भरून ठेवली होती.

मी पोहोचले तेव्हा पडदा सावलीत, बाजेवर, गवतावर पसरलेला होता. कडकडीत वाळलेला.

"वल्लं पार्सल आलं की आमी पयले उघडतो, पुसतो, पसरतो," रफीकभाई कौतुकाने म्हणाले. "न्हाईतर सडतंय ना, ताई."

"मी दोनदा पालटला," त्यांच्या बायको शमीमभाभी म्हणाल्या. "दोन्हीकडून वाळाया पायजे."

वाळला की छिद्रं मिटतात. तरी मी तो भिजवून बसवला. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, बॅटरी सुरू झाली, थंड खोलीच्या कॉम्प्रेसरने दोनदा खाकरून मान टाकली. लाइट परत आली तोवर फळं पिकून मऊ पडली होती, त्यांचे डोळे उघडायला लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रबडीसाठी गर काढतोय त्या गरवाल्याला देऊन टाकतो," खोके उपसत रफीकभाई म्हणाले. "तुमी जिवाला लावून घिऊ नका. पुढच्या साली पुन्ना खोली भरतो. फकस्त या बारीला नीट सांगा, वल्लं ठिवायचं का वाळवायचं."

निघताना भाभींनी एक खोकं हातात दिलं. नको म्हणायची सोय नव्हती.

घरी आईने ते उघडलं. आत एकूण एक फळ घट्ट, डोळा न उघडलेलं.

"लई छान राहिलीत की! म्हणजे तुझी बॅटरी चालली म्हणायची."

मी हो म्हणाले. त्या अख्ख्या खोलीत तेवढीच फळं चांगली उरली होती.