एक पीळ जास्त

माझे धाकटे दीर पाइप फिटर. त्यांनी जोडलेला नळ कधी गळला नाही, कारण आटे भिडले तरी ते एक पीळ जास्त द्यायचे. घरीही तेच. त्यांनी झाकण लावलेली बरणी आम्हा बायकांना उघडायची नाही.

"बस, बस! बरणी आहे ती, टाकी नव्हे," माझी जाऊ ओरडायची.

ती शिवणकाम करायची. मशीनवरचा आट्यांचा दिवाही भाऊजींनी नळासारखाच आवळलेला. एका दुपारी तो गेला. भाऊजी काढायला गेले, तर काच हातात आली आणि पितळी टोपी होल्डरमध्येच घट्ट बसली.

"सुंभ जळला, पण पीळ जाईना," जाऊ खो खो हसली. "अहो, वायरमनला बोलवा."

"घरात फिटर असताना? लोक हसतील. रविवारी काढतो मी."

रविवार येत गेले. ती मशीन खिडकीशी ओढून उजेड असेतो शिवायची. पुढे काजं नीट दिसेनात, तशी बाहेरची कामं तिने बंद केली. शिवण म्हणजे तिचा जीव. पण दिव्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. भाऊजींना ते टोचायचं, तरी वायरमन काही आला नाही. मग तिचं दुखणं निघालं आणि त्यातच ती गेली.

पाहुणे पांगल्यावर भाऊजींनी मेन बंद केला, बारीक पकडीने टोपीची कड आत दाबली आणि फिरवली. टोपी अलगद सुटून आली. ती तळहातावर घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले.

"वहिनी, एवढंसंच होतं हो."



आता ते कुणाकडेही गेले, की बसायच्या आधी वर बघतात. मेन बंद करायला लावतात, गार झालेला दिवा काढून आटे कोरड्या फडक्याने पुसतात. मग फक्त आट्यांवर, टोकाला नाही, व्हॅसलिनचं पुसटसं बोट फिरवतात. "म्हणजे चिकटत नाही," म्हणतात. लोक मागे हसतात.

परवा आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढले. दिवा फिरवत नेला, तो टेकला. मनगट सवयीने पुढे निघालं आणि थांबलं.

"बस, बस," ते पुटपुटले. अगदी तिच्यासारखं.

मी मेन चालू केला. दिवा लागला. भाऊजी मात्र किती तरी वेळ स्टुलावरून उतरले नाहीत.