पोच, चार वाजून पन्नास मिनिटं

एक चपलांचा जोड मला आजही आठवतो. वाळूवर, भरतीच्या रेषेच्या अलीकडे, शेजारी शेजारी ठेवलेला, टाचा एका ओळीत. मी तो डोळ्यांनी कधी पाहिला नाही. झाशीच्या कोतवालीत बसून तो पंचनाम्यात वाचला, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली.

मी तेव्हा कोतवालीत उपनिरीक्षक होतो. तिकडे दरोगा म्हणतात. आमचं घराणं पेशवाईच्या काळात झाशीला आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. कोतवालीत मराठी वाचणारा मी एकटाच. त्यामुळे कोकणातल्या एका पोलीस ठाण्याचा जाड लिफाफा आला, तेव्हा कोतवाल साहेबांनी तो न उघडताच माझ्याकडे सरकवला. "पंडितजी, ये आपके मुल्क का माल है. आप ही देखिए."

आत अकस्मात मृत्यूचे कागद होते. मृत व्यक्ती रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, वय सदुसष्ट, राहणार खंडेराव गेट, झाशी. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये ते आठ दिवसांसाठी एकटे उतरले होते. पाचव्या दिवशी दुपारी साडेचारला किनाऱ्यावर गेले ते परतलेच नाहीत, असा रिसॉर्टच्या मॅनेजरचा जबाब होता. चपला वाळूवर सापडल्या. मृतदेह दोन दिवसांनी खडकांत मिळाला. त्याची अवस्था पाहता तिथल्या पोलिसांनी अंत्यसंस्कार उरकून घेतले होते. अंगावरच्या जखमा खडकांवर आपटून झाल्या असाव्यात, असं शवविच्छेदनात म्हटलं होतं. माझ्याकडे मागितलं होतं एवढंच: पत्त्याची खात्री, नातेवाइकांचे जबाब आणि घरची पार्श्वभूमी.

मृत्यूची बातमी वायरलेसवरून आधीच घरी पोचली होती. गार्ड साहेबांची मुलगी आणि त्यांचे धाकटे भाऊ यांना मी कोतवालीत बोलावलं. मुलगी चाळिशीची, अविवाहित, एका शाळेत लिपिक. घरात ती आणि वडील दोघंच. मी पंचनामा त्यांना वाचून दाखवला. चपलांच्या ओळीपाशी धाकट्या भावाने मला थांबवलं.

"म्हणजे काय समजायचं आम्ही?"

"म्हणजे त्यांनी जीव दिला," मी म्हणालो.

कागदात तसं कुठेही नव्हतं. 'बुडून मृत्यू, चौकशी चालू' एवढंच होतं. पण माणूस पाण्यात जीव द्यायला जातो तेव्हा चपला नीट काढून ठेवतो, हे मी बेतवेच्या काठावर चार-पाच वेळा पाहिलेलं होतं. अनुभवी अधिकारी म्हणून मी ते बोलून गेलो.

भाऊ, म्हणजे मुलीचे काका, तिच्याकडे वळले. "ऐकलंस? आठ दिवस तुम्ही नसाल तर मला श्वास घेता येईल, असं म्हणाली होतीस ना? घे आता श्वास."

तेही मी जबाबात लिहून घेतलं. मुलीने नाकारलं नाही. वडिलांना समुद्र पाहायचा होता. चाळीस वर्षं गाड्यांबरोबर फिरूनही त्यांनी तो पाहिला नव्हता. बीनाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड आणि ड्रायव्हर विश्रांती घेतात त्या खोलीत, एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर या रिसॉर्टचं चित्र होतं: पोहण्याचा निळा तलाव, पांढऱ्या छत्र्या, संगमरवरी पायऱ्या. तिथेच जायचं, तुझ्याबरोबर जायचं, असा त्यांचा हट्ट होता. तिला रजा नव्हती. शिवाय वडिलांच्या मिनिटामिनिटाच्या शिस्तीला ती कंटाळली होती. "एकटे जा," असं ती म्हणाली, आणि ते गेले.

मी अहवाल पाठवला: 'मुलीशी वाद. आत्महत्येची दाट शक्यता.' खाली सही केली. कोकणातल्या ठाण्याला तेवढंच हवं होतं. त्यांनी चौकशी मिटवली.

झाशीत मराठी घरं मोजकी. कोतवालीत सकाळी बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत फिरला. तेराव्याला गुरुजींनी विधीबद्दल कुरकुर केली, नातेवाईक आले नाहीत. मुलगी शाळेत जाईनाशी झाली. हे मला माझ्या बायकोकडून कळत होतं. वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी मुलगी स्वतः कोतवालीत आली. बरीच वाळली होती. रिसॉर्टने वडिलांची बॅग रेल्वे पार्सलने पाठवली होती. त्यातली एक लांबट वही तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"दादा, हे वाचा. नानांचं आहे."

गार्डला प्रत्येक फेरीत नोंदी ठेवाव्या लागतात: गाडी स्टेशनात कधी पोचली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर झाला आणि का. निवृत्तीनंतरही नानांनी ती सवय सोडली नव्हती. तसेच रकाने आखून ते स्वतःच्या नोंदी ठेवत. 'खोली सुटलो ६.०५. किनारा पोच ६.१२.' उशिराच्या रकान्यात पहिल्या दिवशी होतं, '४ मि., समुद्र.' दुसऱ्या दिवशी '११ मि., समुद्र.' चौथ्या दिवशी '४० मि., समुद्र.'

शेवटची नोंद पाचव्या दिवसाची होती. 'खोली पोच ४.५०. चहा सांगितला.'

"मॅनेजर म्हणतो साडेचारला गेले ते आलेच नाहीत," मुलगी म्हणाली. "नानांनी तर चार पन्नासला खोलीत आल्याचं लिहिलंय."

"घड्याळ पुढे असेल."

"नानांचं?" ती पहिल्यांदाच चिडून बोलली. "भैयाजी, आमच्या मोहल्ल्यात लोक नानांना विचारून घड्याळं लावायचे. स्टेशनचं घड्याळ चुकलं तर ते स्टेशन मास्तरांना जाऊन सांगायचे."

"मग नंतर पुन्हा गेले असतील."

"नाही. ते जागा सोडली की लिहायचे. बडा बाजारात भाजीला निघाले तरी पहिलं पाऊल बाहेर टाकून उभे राहायचे, वही काढायचे, लिहायचे, मग पुढे. मी किती ओरडायची, नाना, लोक हसतात. वहीशिवाय ते निघालेच नसते, और ये वही कमरे में मिली." बोलता बोलता ती थांबली. "पोच आहे, दादा. सुटल्याची नोंद नाही. ते खोलीतून निघालेच नाहीत."

मी पंचनामा पुन्हा काढला. वही खोलीतल्या टेबलावर मिळाल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पहिल्यांदा वाचताना मी ती ओळ ओलांडून चपलांकडे गेलो होतो.

वही दाखवली तर कोतवाल साहेब हसले. "एक कॉपी के भरोसे आठ सौ मील? समुंदर देखने का मन है तो छुट्टी ले लीजिए, पंडितजी."

मी रजाच घेतली.

रिसॉर्टमध्ये मी साध्या वेशात, एकटा प्रवासी म्हणून उतरलो. कॅलेंडरवरचा तलाव कोरडा होता, तळाशी सुरूची पानं कुजलेली. पायऱ्यांचा संगमरवर पिवळा पडलेला, लिफ्टला साखळी. जेवणाच्या दालनात साठ माणसांची टेबलं मांडलेली होती आणि जेवायला मी धरून तिघं. खाऱ्या हवेने लोखंड म्हणून जे होतं ते खाऊन टाकलं होतं. खिडकीच्या कड्या हातात येत.

नानांची खोली दुसऱ्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला. मी तीच मागितली. "दुरुस्तीला काढलीय," मॅनेजर म्हणाला. मला शेजारची मिळाली. तिच्या गॅलरीत गेलो. कठड्याला बोट लावलं तर गंजाचा पापुद्रा निघाला. खाली खडक होते. मग मान वळवून पाहिलं. त्या संपूर्ण इमारतीत एकच कठडा नवा होता, बंद खोलीचा. रंग ताजा, हिरवागार.

दुपारी खोलीचा वेटर चहा घेऊन आला. साठीला आलेला, केस विरळ. या रिसॉर्टमध्ये तीस वर्षं झाली, म्हणाला. ट्रे ठेवून तो निघाला आणि जाता जाता दारापाशी वाकला. मी कशाही काढून फेकलेल्या माझ्या चपला त्याने उचलल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, टाचा बोटाने एका ओळीत आणल्या आणि गेला. आपण काही केलं हे त्याच्या लक्षातही नसावं.

चहा तसाच राहिला. मी ठाण्यावर गेलो आणि तिथल्या निरीक्षकांना ओळखपत्र दाखवलं. पहिल्यांदा ते वैतागले. "तुमच्याच अहवालावर आम्ही प्रकरण बंद केलं. आता तुम्हीच उघडायला आलात?"

"हो," मी म्हणालो. "अहवाल चुकीचा होता."

त्यांनी गाडी काढायला सांगितली.

मॅनेजरने दोन तास एकच जबाब दिला. कठडा बदलला तो नेहमीच्या देखभालीत, म्हणाला. वेटरला आम्ही वेगळ्या खोलीत बसवलं. निरीक्षकांनी आवाज चढवला तेव्हा तो नुसता खाली बघत राहिला. मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि शेवटची ओळ वाचली.

"चहा सांगितला, असं लिहिलंय. तो कोणी नेला?"

"मी काय नेला नाय."

"आणि चपला? वाळूवर त्या कोणी ठेवल्या?"

"त्यांनी स्वतःच."

"आज दुपारी माझ्या चपला ठेवल्या, तशाच?"

त्याने वर पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. त्यानंतर विचारावं लागलं नाही.

पाचला तो चहा घेऊन गेला होता. गार्ड साहेब गॅलरीत होते. दूर एक जहाज चाललं होतं. "ते कुठून सुटलं असेल रे?" असं विचारत ते कठड्यावर रेलले, आणि कठडा मुळापासून निघाला. वेटर धावत खाली गेला. ते शुद्धीवर होते.

"मी म्हटलं मॅनेजर साहेबांना, गाडी काढा, डॉक्टर गाठू. ते म्हणाले, आधी मालकांना विचारतो. फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लागेना. मी बसलो होतो त्यांच्यापाशी."

"काही बोलले?"

"किती वाजले, विचारलं. मी सांगितलं, सव्वापाच झाले. तर म्हणाले, सव्वापाच नको, बरोबर सांग." पाणी पिऊन तो पुढे म्हणाला, "मी त्यांच्याच मनगटावर पाहिलं. पाच चौदा. म्हणाले, लिहून ठेव. मला कुठे लिहायचं ते कळलं नाही."

पावणेसहाला ते गेले. फोन तोवर लागला नव्हता. मॅनेजरने मग ठरवलं की असा मृत्यू रिसॉर्टमध्ये झालेला चालणार नाही. सामान वाहायच्या हातगाडीवरून त्यांना किनाऱ्याच्या टोकाला नेलं, तिथून ओहोटीच्या पाण्यात सोडलं. वाळूवर चपला टाकून ये, असं वेटरला सांगितलं. त्याला चपला टाकता आल्या नाहीत. त्याने त्या ठेवल्या.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे या कलमांखाली मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. वेटर माफीचा साक्षीदार झाला. मालकापर्यंत कोणी पोचलं नाही.

झाशीला परतल्यावर मी खंडेराव गेटला गेलो. काकाही तिथे होते. मी आधी सांगितलं की नानांनी जीव दिला नव्हता, तो शब्द माझा होता आणि तो चुकीचा होता. मग कठडा कसा निघाला तेही सांगितलं. काका उठून आतल्या खोलीत निघून गेले. मुलीने एकच विचारलं, "लगेच गेले का?"

खोटं सांगता आलं असतं. त्या घराला मी ते एकदा सांगून बसलो होतो. "नाही," मी म्हणालो. "पाऊण तास होते. दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित वाचले असते."

ती म्हणाली, "एकटे जा, असं तर मीच म्हणाले होते ना, दादा. मी बरोबर असते तर गाडी काढायला लावली असती." पुढे ती पुन्हा शाळेत जाऊ लागली, लोकही तिच्याशी बोलू लागले, पण हे वाक्य तिने मागे घेतल्याचं मी कधी ऐकलं नाही.

वही मुद्देमाल म्हणून न्यायालयात जमा होती. खटला संपायला काही वर्षं लागली. परत मिळाली तेव्हा मी ती स्वतः नेऊन दिली. कोपऱ्यावर न्यायालयाचा शिक्का होता. तिने शेवटचं पान उघडलं. मी खिशातलं पेन काढून पुढे केलं. नानांनी लिहून ठेवायला सांगितलेली पाच चौदा ही वेळ तिला ठाऊक होती. वेटरची साक्ष मी तिला वाचून दाखवलेली होती.

तिने पेन घेतलं नाही.

"सुटल्याची वेळ गार्डच लिहितो," ती म्हणाली. "दुसऱ्याने लिहायची नसते."

नोकरीत पुढे मी अनेक पंचनामे वाचले आणि लिहिले. त्या प्रकरणानंतर एक गोष्ट पाळली: कागदात जेवढं आहे तेवढंच नातेवाइकांना वाचून दाखवायचं, आणि 'म्हणजे काय' असं कोणी विचारलं तर 'अजून माहीत नाही' म्हणायचं. ऐकणाऱ्याला ते रुचत नाही. तरुण अधिकाऱ्यांना तर तो कमीपणा वाटतो. चपला नीट ठेवलेल्या दिसल्या तेव्हा मी त्यात मरणाऱ्याचं मन वाचलं होतं. त्यात फक्त एका वेटरची तीस वर्षांची नोकरी होती.

माझा पहिला अहवाल फाइलमधून काढता आला नाही. तसा नियम नाही. मी त्याला दुरुस्तीचा अहवाल जोडला. 'आत्महत्या' म्हणणारा कागद आणि तसं नव्हतं म्हणणारा कागद, दोन्ही त्या फाइलमध्ये एकाखाली एक आहेत. दोन्हींखाली सही माझीच आहे.