ज्या आजारावर मी लिहीत होते

कोकणी की मराठी यावरून गोवा पेटला होता, त्या वर्षी मी दोन दिवसांसाठी लाटंबार्सेला घरी आले आणि आठवडाभर अडकले. आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी रस्त्यावर झाडं आडवी टाकली आणि म्हापशाची बस बंद झाली.

घरात बाबा एकटेच. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. सभेला मराठीच्या बाजूनं जात, घरी येऊन माझ्याशी बरंचसं कोकणीत बोलत आणि पत्रं मराठीत लिहीत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

मी दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत पार्किन्सनवर काम करत होते. मेंदूच्या एका बाजूला इजा केलेला उंदीर औषध दिल्यावर एकाच दिशेनं गोल फिरत राहतो. ते फेरे मोजण्यात माझी वर्षं गेली. त्यावरचा माझा एक शोधनिबंध गाजला होता. प्रत मागणारी पोस्टकार्डं जपानहून, झेकोस्लोव्हाकियाहून यायची. दर शनिवारी मी ग्रंथालयात संदर्भसूचीचे जाडजूड खंड उघडून बसे आणि आणखी कुणी आपला निबंध उद्धृत केलाय का, ते बारीक छपाईत शोधत राही. नवीन नोंद सापडली की ऊर भरून यायचा. पण सांगायचं कुणाला? मेसमध्येही मी एकटीच जेवायची. मग बाबांना लिहायची.

अडकल्याच्या तिसऱ्या सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. बाबा डाव्या हातानं पाव बुडवून खात होते. उजवा हात मांडीवर पडला होता, आणि त्याचा अंगठा बोटावर सारखा घासला जात होता, विडी वळावी तसा.

"कितें पळयता गे?" माझी नजर हातावर खिळलेली पाहून बाबांनी विचारलं.

"जरा विहिरीपर्यंत जाऊन या बघू."

ते गेले. चालताना उजवा हात अजिबात हलत नव्हता. वळायला त्यांना पाच-सहा बारीक पावलं लागली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"म्हापशाला. त्यानं आजाराचं नाव सांगितलं. मी म्हटलं, ठाऊक आहे, माझी मुलगी त्याच्यावरच लिहिते."

"मग मला का नाही कळवलंत?"

"तुझ्या प्रत्येक पत्रात त्या कार्डांची खुशी असायची, बाय. तिथं मी माझं दुखणं कसं लिहू?"

मग कळलं, वर्षभराची पत्रं त्यांनी शेजाऱ्यांच्या सुनेकडून लिहून घेतली होती. अक्षर वेगळं आहे, हे मला एकदाही जाणवलं नव्हतं.

"तुज्या उंदरांक बरें जाता?" त्यांनी विचारलं.

"बरे होतात, काही काळ."

"आणि मग?"

"मग औषध कमी पडत जातं."

"खरं सांगितलंस, बरं केलंस," म्हणाले आणि कप घेऊन आत गेले. कप बशीवर वाजत होता.

रस्ते मोकळे झाल्यावर मी त्यांना शहरात चला म्हटलं. "तिथं मी कुणाशी बोलू?" ते म्हणाले. तिथं मीही कुणाशी बोलत नव्हते.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी प्रयोगशाळा सोडून घरी आले आणि जवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. जुने सहकारी पत्रातून कळवत, तुझ्या निबंधाचा उल्लेख अजून होतो. मी आभार मानत असे. इथं त्या उल्लेखांचा अर्थ समजणारं कुणी नव्हतं, आणि हळूहळू मीही त्यांची वाट पाहणं सोडलं.

गोळ्यांनी बाबा तीन वर्षं बरे चालले. मग पाय अडू लागले, मग आवाज बसला. त्यांच्यासाठी मी परत आले होते, पण आता घरात दिवसचे दिवस एक वाक्यही बोललं जायचं नाही. शेवटच्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. त्यांनी तेच काहीतरी तीनदा सांगितलं. एकही शब्द लागला नाही. "हो बाबा," मी म्हटलं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले.