फर्लांगाला एक पैसा

रिठदजवळच्या एका लहान गावात मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मोटारीच्या सडकेवरच्या फाट्यापासून गावातल्या महादेवाच्या देवळापर्यंत मैलभराचा कच्चा रस्ता. एरवी तो ओस पडलेला असे. महाशिवरात्रीच्या जत्रेत मात्र तीन दिवस बैलगाड्या एकमेकींत अशा अडकत, की ना पुढे जाता येई, ना मागे. एका वर्षी सरपंचांची लेक त्या गर्दीत सापडली आणि रस्त्यातच बाळंत झाली. मायलेकरं वाचली, पण सरपंचांना ते विसरता आलं नाही.

पुढची जत्रा जवळ आली तेव्हा ते शाळेत आले आणि म्हणाले, “गुर्जी, जो जितक्या आतपर्यंत गाडी आनीन, त्यानं तितके पैसे द्यावे. मले पैसे नाही पायजे, रस्ता मोकळा पायजे.”

असा प्रकार मी कुठे पाहिला नव्हता. लोक काय करतील, हे बघायची मलाच जास्त उत्सुकता लागली. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून मी फेरे मोजत गेलो आणि दर फर्लांगावर चुना लावलेला दगड ठेवला. फर्लांगाला एक पैसा, म्हणजे देवळापर्यंत दोन आणे.

पहिल्या दिवशी सकाळीच आमची फजिती झाली. सगळ्यांनी पहिल्या दगडाच्या अलीकडेच गाड्या सोडल्या. फाटा तुंबला, रिसोडची मोटार अडकली, आणि ड्रायव्हर खाली उतरून आम्हाला नाही नाही ते बोलला. सरपंचांनी घाईघाईने फाट्याजवळचं आपलं हरभरा निघालेलं वावर मोकळं करून दिलं आणि बैलांसाठी पाण्याचे हौद भरून ठेवले. दुपारपर्यंत रस्ता रिकामा झाला. जत्रेच्या दिवशी त्या रस्त्याच्या मधोमध चालताना मला चुकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात एक बाई स्वतः गाडी हाकत आली. मागे तिचा नवरा पाय लांब करून पडलेला, गुडघ्याला फडकं बांधलेलं. तिने दोन आणे माझ्या हातावर ठेवले आणि शांतपणे विचारलं, “ज्याले चालता येते त्याले फुकट, अन् ज्याले येत नाही त्याच्याच जवळून पैसे. हे कायले, गुर्जी?”

मी पैसे परत करू लागलो, तर तिने घेतले नाहीत. संध्याकाळी मी सरपंचांना हे सांगितलं. ते म्हणाले की उद्यापासून आजारी माणूस असलेल्या गाडीला माफी.

दुसऱ्या दिवशी निम्म्या गाड्यांत कोणी ना कोणी गोधडी पांघरून कण्हत होतं. एका आजोबांना तर देवळासमोर उतरल्यावर मी टुणटुणीत चालीने पेढ्यांच्या दुकानाकडे जाताना पाहिलं. सरपंचांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. पण रस्ता पुन्हा भरला होता, आणि आजारी कोण हे ठरवायला आम्ही काही वैद्य नव्हतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पैसे घेणंच बंद केलं. वावर आणि पाणी तेवढं राहू दिलं. आता सगळे देवळापर्यंत गाड्या नेतील, असं मी धरून चाललो होतो. तरीही बऱ्याच जणांनी वावरातच गाड्या सोडल्या.

मी एकाला कारण विचारलं. “इथं बैलायले पानी हाये,” तो म्हणाला. दुसरा म्हणाला, “काल इथंच सोडली होती, म्हून.” तिसऱ्याला कारण सांगताच आलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझी शिरपूरकडे बदली झाली, त्यामुळे पुढच्या जत्रेत काय झालं ते मला कळलं नाही. पण सवय लागली ती लागलीच. तिथल्या बाजारातही कोणी गाडी सोडताना दिसला, की मी त्याला गाठून विचारी, इथंच काहून सोडली? लोक मला जरा विचित्र समजत, पण उत्तर देत.