आरतीच्या मशीनचा खटला

तेव्हा मी भाईंदरजवळच्या पूनम सागर वसाहतीत राहायचे. पाच वर्षं फोर्टमधल्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली सॉफ्टवेअर आणि पेटंटचे खटले केले होते. केले म्हणजे काय, कोर्टात बोलायचे ते, मी मागे बसून चिठ्ठ्या पुढे सरकवायचे. शेवटी त्यांचा निरोप घेतला आणि घराजवळच बेव्हर्ली पार्कला एका डेंटिस्टच्या शेजारी टीचभर ऑफिस थाटलं. पाटीवर 'कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क' वाचून डेंटिस्ट हसली. "इसके लिए इधर कौन आएगा? रेंट अ‍ॅग्रीमेंट बनाओ, चलेगा."

तिसऱ्या महिन्यात एक काका आले. मूळ रत्नागिरीकडचे, भाईंदर पूर्वेला त्यांचा छोटा गाळा होता. देवळासाठी विजेवर चालणारी आरतीची मशीनं ते बनवायचे. बटण दाबलं की नगारा, घंटा आणि झांजा आपोआप वाजतात, ती.

"मॅडम, माझा ठेका चोरीला गेलाय," ते म्हणाले.

बाजारातली बाकीची मशीनं घड्याळासारखी एकसुरी वाजायची. काकांचं मशीन संथ सुरू व्हायचं आणि रंगत रंगत चढायचं. तो ठेका त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहून चिपमध्ये भरला होता. आता एका बड्या कंपनीचं मशीन हुबेहूब तसंच वाजत होतं.

"प्रोग्रामवर तुमचा हक्क आहे," मी सांगितलं. "कायद्याने कॉम्प्युटर प्रोग्राम ही साहित्यकृतीच धरतात."

काका खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे मी साहित्यिक?"

"कायद्याने, हो."

"घरी सांगतो," म्हणाले आणि सांगायला लगेच निघालेसुद्धा. वकीलपत्रावर सही राहिली, म्हणून मला जिन्यापर्यंत धावावं लागलं.

आम्ही खटला भरला. चोरी दिसू नये म्हणून कंपनीने प्रोग्रामच्या ओळी पुढेमागे करून ठेवल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आरतीचा ठेका कुणाच्या बापाचा नसतो, कुणीही लिहिला तरी असाच होणार. मुद्दा खरा होता, आणि त्याने माझी झोप उडवली. मी गाळ्यात जाऊन बसू लागले. दोन्ही मशीनं पुन्हा पुन्हा ऐकली. शेजारचे स्टीलला पॉलिश करणारे कामगार तर दिवसभर आरती ऐकून तिच्या खऱ्या वेळा विसरून गेले.

असंच ऐकताना एकदा मी काकांना थांबवलं. "तिसरं कडवं संपल्यावर घंटा एक ठोका का गाळते? नगारा तर चालूच असतो."

"गाळतेच ना. आरतीत तसंच असतं."

"आमच्या रायगडात नसतं."

काका बुचकळ्यात पडले. त्यांनी गावी आईला फोन लावला. पलीकडून म्हातारी इतकी हसली की मलाही ऐकू आलं. देवळातले गुरव तीन कडवी उजव्या हाताने घंटा ओढायचे, मग हात भरून यायचा म्हणून डावा लावायचे. तेवढ्यात एक ठोका जायचा. गुरव वारले, पण त्यांचा धडधाकट मुलगाही बरोबर तिथेच हात बदलतो. काका लहानपणापासून तेच ऐकत आले होते, त्यामुळे त्यांना तो आरतीचा नियमच वाटत होता. कंपनीच्या मशीनमध्येही घंटा तिथेच थांबत होती!

ठाण्याच्या कोर्टात सुनावणीच्या दिवशी आम्ही दोन्ही मशीनं टेम्पोत घालून काशीगाववरून घोडबंदर रोडने नेली. जज मॅडमनी ती वाजवायची परवानगी दिली. नगारा सुरू झाला तशी बाहेरची माणसं दारात जमली. हवालदाराने टोपी काढून हात जोडले. दोन पक्षकार, बहुधा एकमेकांचे वैरी, शेजारी उभे राहून टाळ्यांनी ठेका धरत होते. आरती संपल्यावर जज मॅडम म्हणाल्या, "प्रसाद आणलाय का कुणी?" कोर्ट हसलं.

मग मी कंपनीच्या इंजिनिअरची उलटतपासणी सुरू केली. गृहस्थ चाळिशीचे, सौम्य.

"तिसऱ्या कडव्यानंतर घंटा एक ठोका थांबते. का?"

"मोटर गार व्हायला."

"एका ठोक्यात?"

"थोडी होते."

"नगाऱ्याच्या मोटरला जास्त काम असतं. तिला गारवा नको?"

त्यांनी हातातला कागद उलटून पाहिला.

"आणि पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या कडव्यानंतर घंटा का थांबत नाही?"

त्यांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. हळूच म्हणाले, "का ते मला माहीत नाही."

त्यांच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली. आठवड्याभरात कंपनीचा तडजोडीचा निरोप आला. मशीन विकणं बंद करतो आणि प्रोग्राम तुमचाच हे मान्य करतो, असं त्यांनी कोर्टात लेखी दिलं. काकांनी भाईंदरमध्ये पेढे वाटले. डेंटिस्टने दोन खाल्ले आणि तिच्या मेहुण्याची ट्रेडमार्कची फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवली.

वर्षभराने एका कामासाठी गाळ्यावर गेले, तर काकांच्या शेजारी स्टुलावर बसून तोच इंजिनिअर त्यांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी खात होता. कंपनी सोडून इकडेच आला होता. मला बघून उठला, हात पुसले आणि नव्या मशीनच्या बटणावर बोट ठेवलं.

"ऐका मॅडम. पण आज प्रश्न विचारायचे नाहीत हां."