चित्र्याचं ट्रेनिंग

जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसरची, म्हणजे मलमपट्टीची नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत राव! गोचिडासारखे अंगाला चिकटून घरी येतात. बरेचसे हसून झटकता येतात. सखारामचे मात्र अजून सुटत नाहीत.

सखाराम माझा मित्र, राजुरीच्या पलीकडच्या वाडीतला. काचबिंदूनं पस्तिशीतच दोन्ही डोळे गेले. मग डेअरी असो की देऊळ, थोरल्या भावाचा, दामूचा हात धरून जायचं. दामू हात धरायचा आणि चारचौघांत ऐकवायचाही, "माझा जल्म ह्याच्यातच गेला!"

एकदा सखाराम मला म्हणाला, "भाऊ, डेअरीपतुर एकटं जायचंय. कुनाचा हात न धरता. बास!"

ही नव्वद-पंच्याण्णवची गोष्ट. आंधळ्याला वाट दाखवणारं कुत्रं मी टीव्हीवर पाहिलं होतं. म्हटलं, आपणच तयार करू!

*

ट्रेनर कोण, तर बिरूमामा. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस. त्याचा चित्र्या लई हुशार. पण मेंढरांचं कुत्रं पुढं चालत नाही. ते मागं राहतं आणि चुकार मेंढरू वळवतं. पहिल्याच दिवशी चित्र्यानं सखारामच्या टाचेला दात लावत त्याला हाकत नेलं आणि मेंढरं कोंडायच्या जाळीत नेऊन घातलं!

मामा खूश. "चुकलं कुठं? हरवू तर दिलं न्हाई!"

चित्र्याला पुढं चालायला शिकवण्यात आमचे आठ महिने गेले.

*

मामाची पद्धत सोपी. वळण बरोबर घेतलं की भाकरीचा तुकडा. तेवढ्यात पितृपंधरवडा आला. सगळा गाव कावळ्याबरोबर कुत्र्यालाही घास घालू लागला. चित्र्या दारोदार थांबायला लागला आणि त्याच्यामागं दोरी धरून सखाराम. एका म्हातारीनं कुत्र्याला भाकरी टाकली आणि एक सखारामच्या हातावर ठेवली. "घे बाबा, आमच्या मालकांच्या नावानं."

घरी दोन म्हशी दुभत्या असलेला माणूस! ती भाकरी घेऊन तो दवाखान्यात आला, माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे बी ट्रेनिंगमधीच व्हतं का?"

मला हसू आलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

गावच्या शाळेत अपंगांच्या दाखल्याचं शिबिर भरलं. सखाराम चित्र्याबरोबर गटार चुकवून, पायरी चढून एकटा आत गेला. डॉक्टर व्हरांड्यातून बघत होते.

"एकटाच आलास? म्हणजे दिसतंय की तुला!"

"मला न्हाई सायेब, कुत्र्याला दिसतंय."

"मग दाखला कुत्र्याला देऊ का?"

सगळी रांग हसली. दुसऱ्या दिवशी दामूनं त्याला हात धरून नेलं. दोन मिनिटांत दाखला!

*

दीड वर्षात चित्र्या पक्का झाला. हातात किटली घेऊन सखाराम रोज एकटा डेअरीला जाऊ लागला. चालही बदलली होती त्याची. मग एका मंडळानं जुन्नरला त्याचा सत्कार ठेवला. विषय होता स्वावलंबन! घ्यायला जीप आली. चित्र्याबरोबर मीही बसलो.

"स्टेजवर कुत्रं शोभत नाही," म्हणून चित्र्याला मांडवाच्या खांबाला बांधलं. दोन कार्यकर्त्यांनी दंडाला धरून सखारामला वर चढवलं. शाल झाली, नारळ झाला. त्याच्या तोंडापुढं माइक धरला.

सखाराम म्हणाला, "माझं कुत्रं कुठंय तेवढं सांगा. मी जातो."

लोकांना वाटलं, गंमत करतोय. टाळ्यांचा कडकडाट! मीही वाजवल्या.

त्याच दोघांनी त्याला उतरवून जीपमध्ये बसवलं. "कुत्रं मागच्या गाडीत येतंय," असं कोणीतरी म्हणालं. मी पुढच्या सीटवर, मंडळाच्या माणसांशी गप्पा मारण्यात दंग. दुपारी वाडीत पोचलो. आम्हाला उतरवून जीप गेली. मागची गाडी नव्हतीच.

अंगावर शाल घेऊन सखाराम अंगणात उभा राहिला. चित्र्याला तीन हाका मारल्या. मी पुढं होऊन त्याचा हात धरायला गेलो. त्यानं माझा हात बाजूला सारला आणि घराकडं तोंड करून म्हणाला,

"दामूदादा, हात दे. चित्र्याला आणायचंय."