खडूनं लिहिलेली चार कामं

चांदूर बाजारच्या त्या वेल्डिंगवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कपाळावर चढवलेला काळा चष्मा, कानामागे खडू, आणि समोरचा बोलत असताना डोळे मिटून ऐकायची सवय.

मी अमरावतीच्या कॉलेजात यंत्रांची रचना शिकवतो. वहिनी दिवसभर बागेत संत्री निवडते आणि संध्याकाळी कंबर धरून बसते, म्हणून मी दोन महिने खपून संत्री निवडायच्या यंत्राचं चित्र काढलं होतं. ते त्याच्यापुढे पसरलं.

"यात कामं कोनकोनती हायेत?" त्यानं विचारलं.

"मोटर, पट्टा, रोलर..."

"हे तं सामान झालं, सर. कामं सांगा."

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी हेच ऐकवतो, त्यामुळे जरा रागच आला. तरी सांगितलं. त्यानं फरशीवर खडूनं लिहिलं: उचलणं, पाहणं, निवडणं, ठेवणं. मग म्हणाला, "यातलं दुखते कोनतं?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच वहिनीला फोन लावला.

"निवडतानी कायले दुखन, भाऊजी? वाकून वाकून खालून उचलतानी दुखते."

त्यानं चपलेनं तीन शब्द पुसले, पहिला ठेवला. आठ दिवसांनी कंबरेइतकं उंच, कडा वळवलेलं लोखंडी टेबल करून दिलं. बस.

गडी त्यावर कॅरेट रिकामं करतात, वहिनी उभ्यानं निवडते. फळाला लोखंड लागू नये म्हणून तिनं खाली एक मोठा जाड कागद अंथरलाय. ढीग उतरला की त्यावर मी काढलेली मोटर दिसते.